तुपाच्या घरातली पुडी

सासरे तुपाचे व्यापारी. तेरजवळच्या आमच्या खेड्यात ओसरीवर डब्यांची रांग असायची, आणि त्याच घरात मला तूप पचेनासं झालं. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. मी विशीतली. पोटातल्या एका मोठ्या दुखण्यातून उठले, पण त्यानंतर खाल्लेलं अंगी लागेना. शौचाला पांढुरकं, तेलकट व्हायचं. चोळ्या सैल झाल्या. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, भाकरीवर आणखी तूप घालायच्या.

"तुपाबिगर अंग कसं धरंल?"

धाराशिवच्या औषधानं उतार पडेना, तेव्हा यजमान मला सोलापूरला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी सायीचं दूध कोमट करून दोन पेल्यांत ओतलं, एकात चिमूटभर भुकटी टाकली आणि आम्हाला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळानं आत बोलावून दोन्ही पेले माझ्या नाकाशी धरले. भुकटीच्या पेल्याला खवट तुपाचा वास येत होता. तो वास आमच्या घरात कुणालाही कळला असता.

"दुधातला स्निग्धांश फुटला," डॉक्टर म्हणाले. "पोटात असंच व्हावं लागतं. अख्खं तूप आतड्यातून रक्तात जात नाही. जठराच्या मागं स्वादुपिंड असतं, त्याचा रस तुपाचे बारीक तुकडे करतो. तुमचा तो रस आटलाय."

"मग ही भुकटी कशाची?"

"जनावराच्या स्वादुपिंडाची."

"कुठल्या?"

"डुकराच्या."

आम्ही लिंगायत. घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. भुकटीच्या पुड्या घेऊन परतताना यजमान म्हणाले, "घरी पाचक चूर्ण म्हणून सांगू."

"न्हाय. खायचं तर सांगून खाईन."

आणि सांगितलं. आत्याबाई खाली मान घालून ज्वारी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "गळ्यात लिंग हाय तुझ्या."

"हाय, आत्याबाई. ते काढणार न्हाय, आन् पुडी बी सोडणार न्हाय."

"मग माझ्या चुलीपाशी नको."

मी ताट ओसरीवर नेलं. जठरातल्या आंबटानं भुकटी मरते, म्हणून सोबत चिमूटभर सोडा घ्यायचा आणि ती घासाघासांमध्ये खायची. पहिल्या दिवशी सगळं उलटलं. तोंड धुतलं आणि पुन्हा वाढून घेतलं. हळूहळू शौचाचा तेलकटपणा गेला, हाडांवर मांस चढलं, जात्यावर बसायची ताकद आली.

पुढं रझाकारांच्या गडबडीत हद्दीपलीकडच्या सोलापूरची वाट बंद झाली. पुड्या संपल्या. मी तूप, तेल, शेंगदाणे सगळं सोडलं. भाकरी, बिनफोडणीचं वरण आणि लोणी काढलेलं ताक, एवढ्यावर राहिले. वजन पुन्हा उतरलं, पण अंथरूण धरलं नाही. एक दिवस आत्याबाई दारातूनच म्हणाल्या, "ती पुडी कवा मिळंल?"

"रस्ता खुला झाल्यावर."

"रस्ता खुला झाला की पयला त्यालाच धाडते," त्या म्हणाल्या. हा 'तो' म्हणजे यजमान.

तसंच झालं. निजामाचं राज्य गेल्यावर यजमानांची पहिली खेप पुड्यांसाठीच झाली. चुलीपाशी बसायला आत्याबाईंनी मला पुढंही कधी बोलावलं नाही. पण त्यानंतर त्या स्वतःचं ताट घेऊन ओसरीवर येऊ लागल्या. माझी पुडी खाऊन होईपर्यंत दुसरीकडं बघायच्या, आणि मग जेवायला सुरुवात करायच्या.