बिनशाईची पत्रिका

माझ्या मोठ्या साडूंइतका दमवणारा माणूस चंद्रपूर जिल्ह्यात दुसरा नसेल. असलाच, तर त्याच्या साडूला माझा नमस्कार. हे राहतात राजुऱ्याला आणि जाड, दुधी पार्चमेंट कागदावर फुलं उठवतात. खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, हातात शाई संपलेलं बॉलपेन, आणि कागदाच्या पाठीवर तासन्तास दाब. कुणाकडेही गेले की रिकामं पेन मागतात. उमटलं, तर "अजून चालूनच राह्यला हा" म्हणत तोंड वाकडं करून परत देतात. माझ्या नव्याकोऱ्या पेनाची शाई त्यांनी एकदा रद्दीवर रेघा ओढून संपवली होती. सारं जंगल पळसाने पेटलेलं असतं तेव्हाही यांचा पळस पांढराच. का, तर "रंग लावला का फूल मरते, भाऊ."

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकाही त्यांनी अशाच केल्या. नावं, तारीख, सगळं उलट्या अक्षरांत दाबून, भोवती मोहाची फुलं. शाई नाही, कोपऱ्यांना हळदकुंकूसुद्धा नाही. वाटायला अर्थात मी. भद्रावतीपासून कोरपन्यापर्यंत एसटीत माझी हाडं खिळखिळी झाली. त्यात पांढऱ्यावर पांढरं कुणाला दिसेना. "काळ्यावर धरून वाचा," असं मी दारोदार सांगत सुटलो. कुणी पत्रिका छत्रीवर धरली, एकाने तर म्हशीच्या पाठीवर. कोरपन्याला साडूंच्या म्हाताऱ्या आत्याबाईंनी ती उलटसुलट केली आणि घाबरून विचारलं, "कुंकू नाई लावलं? तेरवीची होय का जी? कोन गेलं?"

हाच प्रश्न मग गावोगावहून फोनवर यायला लागला. भाची रडायला लागली, "माह्या लग्नाले कोनीच नाई येनार का?" मला साडूंचा असा राग आला की विचारू नका.

तोडगा आत्याबाईंनीच दाखवला होता. पत्रिका देवापुढे ठेवण्याआधी त्यांनी तिच्यावर कुंकवाचं बोट फिरवलं होतं, आणि बोटाखाली अक्षरं लाल होऊन वर आली होती. मी हे साडूंना सांगितलं. त्यांनी ट्यूबचा तुकडा बाजूला सारला. मग कुंकवाचा करंडा खिशात टाकला आणि म्हणाले, "चला." पुन्हा तीच गावं, तीच एसटी. प्रत्येक दारात ते स्वतः पत्रिकेवर कुंकू चोळत, पण तोंड दुसरीकडे करून. मांडव भरला.

आता त्यांच्या हातात पूर्वीचा दाब राहिला नाही. नातीचं बारसं ठरल्याचं भाचीने कळवलं होतंच; परवा त्याचं आमंत्रण आलं, त्याच कागदावर. मी कुंकू चोळलं, पुन्हा चोळलं. एक अर्धी पाकळी तेवढी वर आली. बाकी कागद कोराच राहिला. मला फार वाईट वाटलं. फोन करून तारीख विचारता आली असती, पण मी राजुऱ्याची एसटी धरली.

"काऊन आले, भाऊ?" त्यांनी दारातच विचारलं. "कार्ड वाचता नाई आलं का?"

"आलं की," मी म्हणालो. "वेळ तेवढी लिहायची राहिली तुमची."

ते खूश झाले. "हो का?" म्हणाले, आणि माझ्या खिशातलं पेन काढून तळहातावर चालवून बघायला लागले.