भांड्यांवरची नावं

आज चतुर्थी. राजूरच्या गणपतीला हात जोडून माझ्या जाऊबाई जयवंताबाई यांच्याविषयी थोडं लिहिते.

बाई जालन्याच्या, माहेरी मराठी वाचायला शिकलेल्या. जाफराबादेत आमच्या घरी सून होऊन आल्या तेव्हापासून धुण्यापुरत्या नदीवर जातात, एरवी उंबऱ्याच्या आत. त्यांचे यजमान हैदराबादेत नोकरीला. सणाला आले तर आले. इथली निजाम सरकारची शाळा उर्दू, तीही मुलांची. म्हणून बाईंनी दुपारी मागच्या ओसरीवर आळीतल्या मुली जमवल्या. तेवढा वेळ बाईंच्या चेहऱ्यावर माहेरचं जालना दिसायचं.

पुस्तक एकच. एक वाची, बाकीच्या पेंगत. मग बाईंना सुचलं, लग्नातल्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात, तीच वाचू. प्रत्येकीनं घरून भांडं आणायचं. तिघी-तिघींनी एका भांड्याभोवती बसायचं. एकीनं अक्षरावर बोट ठेवायचं, दुसरीनं वाचायचं, तिसरीनं राखेत गिरवायचं. मग भांडी बदलायची. मुलींची पेंग कुठल्या कुठं गेली.

"अगं, ही परात आमच्या मावशीची. तुमच्या घरी कशी?"

"मावशीलाच विचार. वाढायला आणली अन् इथंच जेवायला राह्यली म्हणावं."

ते हसू आमचे सासरे काकासाहेब यांच्या कानी गेलं. ते मागं आले, तशा बाई दाराआड झाल्या. घरी चालवलेल्या खानगी वर्गालाही सरकारची परवानगी लागते, याचा त्यांना धाक. म्हणाले, "उद्या पोलिसांचा अमीन दारात आला तर मी काय सांगू? पोरी खरंच वाचून राह्यल्या असतील तर बघू. न्हाईतर आजच बंद."

त्यांनी हाताशी आलेला आमच्याच घरचा तांब्या उचलला आणि सोनूबाईपुढे ठेवला. सोनूबाई आमची धाकटी जाऊ, वय बारा; तीही मुलींत शिकायला बसायची. तांब्यावर कोरलं होतं, 'चिरंजीव रामकिसन यास'. रामकिसन तिचा नवरा.

ती म्हणाली, "चिरंजीव... यास."

"अन् मधलं?"

मुलींनी तोंडाला पदर लावले. सोनूबाईचे कान लाल झाले.

"येत न्हाई?"

तिनं मान खाली घातली. "न्हाई येत."

जयवंताबाई दाराआडून बोलल्या, "तिला बराबर येतंय, मामंजी. पण नवऱ्याचं नाव तिनं घ्यावं कसं?"

काकासाहेबांनी तांब्या परत उचलला. मग म्हणाले, "म्हणजे घेऊ नये तेच तुम्ही शिकवून राह्यल्या. वाचलं तर बेशरम, न वाचलं तर अडाणी. मंग असलं शिकायचं कशाला, सूनबाई?"

वर्ग त्या दिवशीच बंद झाला. मुली आपापली भांडी उचलून गेल्या.

संध्याकाळी सोनूबाई चुलीपुढं रडत होती. "मला येत व्हतं, बाई."

"मला ठाऊक हाये," बाई म्हणाल्या.

मुलींना गटानं शिकवणाऱ्या कोणालाही मी भांड्यांचा उपाय जरूर सांगेन. मुली आपण होऊन एकमेकींना विचारतात, चुकलं तर हसून सुधारतात. मात्र सासुरवाशिणींपुढं माहेरचीच भांडी ठेवावीत. बापाचं, भावाचं नाव घ्यायला कोणाची आडकाठी नसते. मी हे बाईंना सांगितलं.

"बराबर हाये," त्या म्हणाल्या. "पण आता वाचणार कोण?"

आणि परातीत पीठ घेऊन त्यांनी मागच्या ओसरीचं दार लोटून घेतलं.