ओले पाय आणि देवापुढची चप्पल

डॉक्टर म्हणाले, "पेरिफेरल न्यूरोपथी." मी सातवीत शाळा सोडलेली. त्यांनी सोपं करून सांगितलं. किमोच्या औषधानं आमच्या यांच्या पायाच्या नसा बधिर झाल्यात. शिवाय प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, फार कमी. "यांना पडू देऊ नका. डोक्याला मार लागला तर आत रक्तस्राव होईल."

रक्ताचा कॅन्सर आहे हे कळलं तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते. कॅन्सरकडे डॉक्टर बघत होते. पडण्याकडे मला बघायचं होतं.

आमचं गाव जतकडे. परळच्या हॉस्पिटलातल्या त्या वॉर्डात ओळखीचं कोणी नाही. कॉटचे कठडे वर ठेवा, बेल वाजवा, चप्पल घालूनच चाला, हे सगळ्यांनाच सांगतात, आम्हालाही सांगितलं. तरी एका सकाळी मी खाली औषधं आणायला गेले आणि आमचे हे संडासातून येताना कॉटजवळ घसरले. कठडा हाताला लागला म्हणून गुडघ्यावर निभावलं. डोक्याचं सीटी स्कॅन होईपर्यंत मी बाहेर बाकावर पदर पिळत बसले. काही निघालं नाही.

दुपारी सिस्टर खुर्ची ओढून बसली. मालवणकडची, आमच्या लेकीच्या वयाची. मला वाटलं, आता ओरडणार.

"काका, घरी संडासला जाऊन आल्यावर काय करता?"

"काय करणार? हातपाय धुतो."

"पुसता?"

"पाय कोण पुसतं? चालता चालता वाळतात."

"आणि चप्पल?"

यांनी कॉटशेजारी ठेवलेल्या खंडोबाच्या फोटोकडे बघितलं. "देवापुढं चप्पल? लांबच काढली."

"बेल का नाय वाजवलीत?"

हे चादर सारखी करायला लागले. मीच म्हणाले, "लेकीसारखी तुम्ही. संडासला न्या म्हणायला लाजतात."

सिस्टर म्हणाली, "घरी पायाला ओलं कळायचं. आता कळत नाय, काका."

मग डॉक्टरांशी बोलून तिनं फक्त यांच्यापुरतं वेगळं ठरवलं. संडासच्या दाराशी खुर्ची. बसून पाय कोरडे करायचे, मग चप्पल. चहा-जेवणानंतर वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, आपणहून न्यायला येणार, बेलची वाट बघणार नाहीत. शेजारच्या कॉटवरच्या बाबांना उठलं की चक्कर यायची. त्यांचं ठरवलेलं निराळं.

चप्पल मात्र यांना पटेना.

"काका, देव नाय रागावणार. मी रागावेन!"

मामा हसले. "काका, सासूबाई भेटल्या तुम्हाला."

तुमचं माणूस ॲडमिट असेल तर त्याच्या घरच्या सवयी, कोणी विचारायची वाट न बघता, सिस्टरला सांगा. क्षुल्लक वाटल्या तरी.

प्लेटलेट्स वाढल्या, आम्ही दादरच्या धर्मशाळेत आलो. पाय अजून बधिरच आहेत, वेळ लागेल म्हणतात. हे रोज बसून बोटांच्या बेचक्यांतून पाय पुसतात, चप्पल चढवतात आणि तसेच खंडोबापुढे हात जोडून उभे राहतात.

"सिस्टरनं सांगितलंय," असं देवाला सांगतात.