ताईंचा 'पण'

नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताई गाड्यांच्या विम्याचे क्लेम तपासतात. त्या कामामुळे असेल, त्यांचं एकही वाक्य 'पण'शिवाय पुरं होत नाही. "केक छान झालाय, पण..." म्हणून त्या थांबल्या की करणारीचा जीव टांगणीला लागतो. मला मात्र तो 'पण' आवडतो. निदान तोंडदेखलं कौतुक तरी नसतं.

परवा मी त्यांच्याकडे चहा घेत होते, तेवढ्यात खालची नवी शेजारीण रडवेली होऊन आली. पहाटेच्या शिफ्टला बस मिळत नाही म्हणून तिने सेकंडहँड गाडी घेतली होती. ती पावसात घसरून पुढच्या गाडीवर आदळली. पुण्यात गाडीबरोबर जुन्या मालकाचा विमाही येतो, तसा इथेही आला असेल असं ती धरून चालली होती.

"इथे नाही येत गं," ताई म्हणाल्या. "तुझ्या गाडीचं काहीच मिळणार नाही. समोरच्याची भरपाईसुद्धा शेवटी तुझ्याकडूनच वसूल करतील."

आम्ही दोघी 'पण'ची वाट बघत राहिलो. तो आलाच नाही. ताई उठून आत गेल्या. इतकं कोरडं बोलायचं? मला त्यांचा रागच आला.

त्या स्वतःच्या गाडीची किल्ली घेऊन बाहेर आल्या.

"उद्यापासून पहाटे मी सोडेन तुला."

शेजारीण डोळे पुसायला लागली.

"पण," ताई म्हणाल्या, "बूट झटकून बसायचं."