शेठचे बुकिंगचे मेल आणि माझा अबोला

मंडळी, आज सकाळी मंचरचे शेठ आले. भीमाशंकरच्या त्यांच्या लॉजची वेबसाइट मी सांभाळतो. म्हणाले, "राव, बुकिंगचे मेल लोकांच्या स्पॅममधी पडत्यात."

तपासलं तर चूक माझीच. लॉजच्या नावानं मेल पाठवायला आपल्या सर्व्हरला परवानगी आहे, ही नोंद मी डोमेनवर केलीच नव्हती.

शेठ हसले. "म्हंजे पावणं कुणाकडचं, ते सांगितलंच न्हाई."

नोंद केली. दुपारी स्वतःला टेस्ट मेल पाठवला, इनबॉक्समध्ये आला. मग सहज माझा स्पॅम उघडला. तिथं डिंगोरे गावच्या माझ्या मावसभावानं कंपनीच्या मेलवरून पाठवलेलं त्याच्या साखरपुड्याचं आमंत्रण, महिन्यापूर्वीचं. बोलावलं नाही म्हणून तेव्हापासून मी अबोला धरलाय.

परवा त्याचं लग्न आहे. फोन मीच करायचा हे कळतंय, पण सुरुवात कशी करू?