तिसऱ्या दिवसाचा आकडा

हे लिहावं की नाही, याचा विचार करण्यात वर्ष गेलं. अनुभव कृपेचा आहे, पण त्यात माझी वागणूक सांगण्याजोगी नाही. ती वगळून सांगितला तर खोटा होईल.

लंडनमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी काम करते. गंभीर अपघातातून आलेल्या पेशंटांच्या रक्तातली हार्मोन्स मोजायची आणि त्यावरून कोण वाचेल, कोण नाही, याचा अंदाज बांधता येतो का ते पाहायचं, असा आमचा अभ्यास चालला होता. कॉर्टिसॉल असे, थायरॉईडचं टी-थ्री असे. तिसऱ्या दिवशी टी-थ्री अगदी तळाला गेलेल्यांपैकी पुष्कळजण वाचत नाहीत, हे मी इतक्यांदा पाहिलं होतं की ते मला नियमासारखं वाटू लागलं होतं. घरी दत्ताचा फोटो होता, गुरुवारचा उपास होता. पण खरा विश्वास माझा त्या आकड्यांवर होता, हे मला नंतर कळलं.

माझा मोठा भाऊ लंडनजवळ स्लाऊला राहतो. सायकलवरून कामाला जाताना एका व्हॅनने त्याला उडवलं. डोक्याला मार, बरगड्या मोडलेल्या, पोटात रक्तस्राव. हेलिकॉप्टरने त्याला आमच्याच हॉस्पिटलात आणलं. ऑपरेशन झालं, व्हेंटिलेटर लावला. वहिनीच्या संमतीने त्याचं रक्तही आमच्या अभ्यासात आलं. नळ्यांवर नाव नसतं, फक्त कोड. तरी वय आणि दाखल झाल्याची तारीख यावरून त्याची नळी मी ओळखली. तिसऱ्या दिवशी कोणी बघत नसताना त्याचा रिझल्ट उघडला. मला तो अधिकार नव्हता. टी-थ्री जवळजवळ नव्हतंच.

त्या संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला नाही. ठरलेल्या गोष्टीसाठी काय मागायचं, असं वाटलं. नाशिकला बाबांना फोन करून म्हटलं, "निघता येत असेल तर निघा, भेट होईल." वहिनीला म्हटलं, "मनाची तयारी ठेव."

"डॉक्टरांनी सांगितलं का तसं?" तिने विचारलं.

"मला यातलं कळतं, वहिनी."

कळतं म्हटल्यावर कोण काय बोलणार? डॉक्टर तर तिला रोज एवढंच सांगत होते की अजून काही सांगता येत नाही.

वहिनीला अडीचला मुलांना शाळेतून आणायला निघावं लागे. तीन ते पाच मी दादाजवळ बसेन, असं मी कबूल केलं होतं. लॅब त्याच इमारतीत, आयसीयूच्या तीन मजले खाली. पण तो रिझल्ट पाहिल्यापासून मी वर गेलेच नाही. पाच दिवस. वहिनीने विचारलं की मी म्हणायची, "हो, आहे तसाच आहे." भाऊ जिवंत असताना मी त्याला मनाने स्मशानात पोहोचवून आले होते आणि उरलेलं बघायला मला जायचं नव्हतं. एवढंच नाही. त्याचे हाल थांबवायचे का, याबद्दल बोलायचं आहे म्हणून मीच कन्सल्टंटची वेळ मागितली. बुधवारी साडेतीनची.

बुधवारी तीनला वर गेले, तर दादाच्या खाटेजवळ ऐंशीच्या घरातल्या एक बाई बसलेल्या. त्याचा हात हातात घेऊन स्वच्छ मराठीत त्याला सांगत होत्या की त्यांच्याकडच्या नवसाच्या मलिद्याला पोहे भिजवताना पाणी कमीच घालायचं, नाहीतर गिचगोळा होतो.

मला पाहून म्हणाल्या, "तू बहीण ना? ये. मी रिबेका. पलीकडच्या खाटेवर माझे मिस्टर होते. आम्ही मूळचे मुंबईचे ज्यू, आता इथे लंडनात एजवेअरला असतो. तुझी वहिनी मराठीत रडत होती, म्हणून ओळख झाली."

"तुम्ही रोज येता याच्याजवळ?"

"तीनला कोणी नसतं ना. तिला विचारलं, मी बसू का? ती म्हणाली, नणंद येते, पण तिला काम असतं, बसा तुम्ही."

म्हणजे वहिनीला माहीत होतं. तिने मला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"बोललं की हात दाबतो हा," त्या म्हणाल्या.

"तसं आपोआप होतं," मी म्हटलं.

"असेल. तू बोल तरी. तुमच्या देवाचं नाव मला घेता येत नाही, मी माझ्या देवाला सांगते."

मी हात धरला. एवढंच म्हटलं, "दादा, मी आले नाही. मला माफ कर. ऐकू येत असेल तर दोनदा दाब." त्याने एकदा दाबला. मग दुसऱ्यांदा दाबला. नर्सने पाहिलं. तिने पुन्हा करायला सांगितलं, आणि त्याने पुन्हा केलं.

साडेतीनला कन्सल्टंटसमोर बसल्यावर मी आधी रिझल्ट उघडल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो आकडा शंभर जणांबद्दल काही सांगतो. तुमच्या भावाबद्दल नाही. अभ्यास अजून चालू आहे, म्हणूनच तो आम्ही उपचारात वापरत नाही." मला त्या अभ्यासातून काढलं, लेखी ताकीद मिळाली. ते योग्यच झालं.

दोन दिवसांनी नर्सकडून कळलं की रिबेकाबाईंचे यजमान सोमवारीच गेले होते. कागदपत्रांमुळे दफन लांबलं होतं. बुधवारी त्या फक्त दादासाठी आल्या होत्या. आणि मी त्यांच्या मिस्टरांची साधी चौकशीही केली नव्हती.

वहिनीकडून पत्ता घेऊन मी एजवेअरला गेले. सुतकाचे दिवस होते, त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्या बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. त्याच म्हणाल्या, "अगं, तिथे घरी बसून तरी काय करणार होते? यांच्याशी बोलायची सवय लागली होती, ती तुझ्या भावावर भागवली." मग विचारलं, "तो काय म्हणतो?"

दादाला घरी यायला चार महिने लागले. काठी घेऊन चालतो, उजवा हात अजून नीट चालत नाही, मधेच शब्द आठवत नाही. टी-थ्री एवढं कमी असूनही तो का वाचला, ते मला माहीत नाही. असे काही वाचतातच, हेही खरं आहे. दत्तगुरू कोणत्या रूपात दाराशी येतील याचा नेम नाही, असं लहानपणापासून ऐकलं होतं. ते मलिद्याची कृती सांगत येतील, असं मात्र वाटलं नव्हतं. यावर मी कुणाशी वाद घालणार नाही.

वहिनीला सगळं सांगितलं तो दिवस मला सर्वांत जड गेला. ती मुलांचे कपडे घडी करत होती. हात न थांबवता म्हणाली, "पुढच्या वेळी माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. तेवढं मला पुरलं असतं."

आता संध्याकाळी दिवा लावते, हात जोडते आणि तेवढंच म्हणते. देवा, मला माहीत नाही. त्यापुढे काही मागत नाही.