साहेबाविना वाघ

लंडनमधल्या हाउन्सलोचे राजीवकाका तीस वर्षं एअरपोर्टवर बॅगा वाहून नेणारे सरकते पट्टे दुरुस्त करत होते. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते शेवटच्या रांगेत बसायचे आणि त्यांना कोणी काही विचारायचं नाही. पण यंदा गणपतीत हलता देखावा करायचं ठरलं, आणि मंडळाला एकदम त्यांची आठवण झाली. आमच्या मंडळाला माणूस आठवतो तो कामापुरताच.

विषय होता लंडनच्या म्युझियममधला भारत. काकांनी टिपूचा वाघ निवडला. टिपू सुलतानानं हौसेनं करवून घेतलेला लाकडी वाघ, त्याच्याखाली आडवा पडलेला गोरा साहेब. मूठ फिरवली की वाघ गुरगुरतो, साहेब विव्हळतो आणि त्याचा एक हात वर-खाली होतो. श्रीरंगपट्टण पडल्यावर ईस्ट इंडिया कंपनीनं तो लुटून इथे आणला. करवून घेणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक, करणाऱ्याचं कोणालाच नाही.

"सगळी गंमत त्या हातात आहे," काका मला म्हणायचे. चार महिने ते गॅरेजमध्ये त्या एका हातासाठी खपले. जन्मभर लोकांच्या बॅगा हलवल्या, मनापासून हलवावीशी वाटलेली ही पहिलीच वस्तू.

मग आमची कमिटी पाहणीला आली. अध्यक्ष पुष्कर बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि घरातसुद्धा मीटिंगमध्ये असल्यासारखा बोलतो.

"काका, फँटास्टिक! पण आपल्या चीफ गेस्ट कौन्सिलर आहेत, इंग्लिश बाई. हा माणूस त्यांना ऑफेन्सिव्ह वाटेल. त्याच्याऐवजी हरीण ठेवू या ना?"

"हरणाला हात कुठून आणू?"

"मग पाय हलवा."

मतदान झालं. सुलतानानं अख्ख्या कंपनीला अंगावर घेतलं होतं; आम्हाला एका नगरसेविकेची भीती वाटली. हरीण एकमतानं पास झालं. माझाही हात वर होता, आणि तो वर जायला कुठलंही यंत्र लागलं नाही.

चतुर्थीला वाघाखाली दुकानातून आणलेलं कापडी हरीण पडलं होतं. त्याचे पायही हलत नव्हते. बाई आल्या, बघितलं आणि हसल्याच. इंग्रजीत म्हणाल्या, "हा तर टिपूचा वाघ! शाळेत असताना आम्हाला मुद्दाम दाखवायला नेलं होतं. पण त्याचा माणूस कुठे गेला?"

पुष्कर पांढराफटक पडला, पण क्षणभरच. "सरप्राइज आहे, मॅडम! माझीच आयडिया." मग काकांच्या कानाशी लागला, "काका, तो माणूस पटकन आणा ना. गाडीत असेल ना?"

काकांनी सगळ्यांदेखत वाघाची मूठ उपसली आणि कोटाच्या खिशात टाकली.

"साहेब घरी आहे," ते म्हणाले.

"बरं, मग नुसता वाघ तरी चालवा. मूठ द्या."

"हरवली."

खऱ्या वाघाची मूळ मूठही मागे कधीतरी हरवली होती, हे मला काकांनीच सांगितलं होतं. आरती सुरू झाली. काका या वेळी पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांच्या कोटाचा एक खिसा जड होऊन लोंबत होता. तो पुष्करला दिसत होता, मला दिसत होता, अख्ख्या कमिटीला दिसत होता. ती मूठ परत मागायची छाती आमच्यातल्या एकाचीही झाली नाही.